एक्झॉटिकाच्या रेकॉर्डवर खरं वाजवतंय कोण, आणि कोर्ला पंडित आपल्यातले का?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे उत्तर नुसतं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचे मामा बोटीवर नोकरीला होते, ते गेल्यावर त्यांच्या पेटीत परदेशी एलपी निघाल्या. त्यातल्या एकीवर मार्टिन डेनी असं नाव आणि 'एक्झॉटिका' हे शीर्षक, आत पियानो, घंटांसारखं काहीतरी, बोंगो आणि मध्येच जंगलात शिरल्यासारखे पक्षी. दुसरी एलपी कोर्ला पंडित नावाच्या फेटेवाल्या ऑर्गनवादकाची. तुम्हाला विचारायचंय की पक्षी कोण ओरडतंय, बाकीच्या वादकांची नावं कव्हरवर ठळक का नाहीत आणि हा पंडित काश्मीरचा का आपल्या कोकणातला.

मी बावीस वर्षं जुन्या रेकॉर्ड धुणं, डिजिटाईज करणं आणि जमेल तिथे वादकांची यादी लावणं हे काम करतोय. जास्त काम हिंदी-मराठी रेकॉर्डचं असतं, पण बोटीवरच्या लोकांच्या घरातून अशा पेट्या बऱ्याच येतात आणि पन्नाशीच्या दशकातला हा एक्झॉटिका प्रकार, म्हणजे दूरच्या बेटांचा आणि जंगलांचा भास देणारं अमेरिकन संगीत, त्यात हमखास असतो. अनुभवावरून सांगतो, "विसरले गेलेले वादक" असं एका दमात म्हणून चालत नाही कारण विसरण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाचं नाव छापलंच जात नाही, कुणाचं छापतात पण लीडरच्या नावाखाली ते दबून जातं, आणि कुणाचं नाव मोठ्या टाइपात असतं पण ते नावच खरं नसतं. तुमच्या दोन एलपींपैकी पहिली मधल्या प्रकारातली आणि दुसरी तिसऱ्या, त्यामुळे दोन्हीचं उत्तर वेगळं द्यावं लागेल.

आधी 'एक्झॉटिका'. इथे पहिलं उत्तरच तुमच्या हातातल्या प्रतीवर अवलंबून आहे. कव्हरवर किंवा लेबलवर एलआरपी ३०३४ असेल तर ती मोनो, एलएसटी ७०३४ असेल तर स्टिरिओ, आणि हा नुसता तांत्रिक फरक नाही, या दोन वेगळ्या वेळी वाजवलेल्या रेकॉर्ड आहेत. मोनो रेकॉर्डिंग डिसेंबर १९५६ मध्ये हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात, वाइकीकी भागात झालं आणि १९५७ साली लिबर्टी कंपनीने ते बाजारात आणलं. त्यात पियानोवर डेनी स्वतः, व्हायब्राफोन आणि मारिंबावर (काठ्यांनी वाजवायची, पहिलं धातूच्या आणि दुसरं लाकडाच्या पट्ट्यांचं) आर्थर लायमन, बासवर जॉन क्रेमर, आणि बोंगो-कोंगा आणि पक्षी ऑगी कोलोन, बस एवढे चारच जण. पुढे लायमन बाहेर पडला, स्टिरिओची लाट आली, कंपनीला तीच गाणी स्टिरिओत हवी होती म्हणून १९५८ मध्ये सगळं परत वाजवलं गेलं आणि तेव्हा व्हायब्राफोनवर ज्युलियस वेक्टर बसला. म्हणजे कव्हर सारखं, गाणी सारखी, पण तुम्हाला आवडलेला तो घंटांचा आवाज एका प्रतीवर लायमनचा आणि दुसऱ्या प्रतीवर वेक्टरचा. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका संग्राहकाच्या यादीत स्टिरिओ प्रतीपुढे लायमनचं नाव लिहून दिलं होतं आणि ती यादी पुढे तीन-चार ठिकाणी तशीच उतरवली गेली, ती चूक निस्तरायला मला फार पत्रव्यवहार करावा लागला, तेव्हापासून नंबर बघितल्याशिवाय मी कुणाचंच नाव लिहीत नाही.

आता पक्षी. हे चौघं होनोलुलूच्या हवाईयन व्हिलेज हॉटेलातल्या शेल बारमध्ये रोज रात्री वाजवायचे. बार उघड्यावर, शेजारी पाण्याचं लहान तळं, त्यात बेडूक. एका रात्री वाजवताना बेडूक ओरडायला लागले, गाणं थांबलं तसे बेडूकही थांबले, तेव्हा मंडळींनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं की ते पक्षी आणि बेडूकवालं परत वाजवा. तिथून ते कार्यक्रमाचा भागच झालं, बेडकाचा आवाज खाचा पाडलेल्या वाद्यावर काठी घासून काढायचे आणि पक्षी तोंडाने, त्यात मुख्य माणूस ऑगी कोलोन, लायमनही साथ द्यायचा. कोलोनचे हात बोंगोवर आणि तोंडात पक्षी, दोन्ही एकाच वेळी. तुम्ही हेडफोन लावून ऐकलंत तर कळेल की पक्षी ओरडतानाही बोंगोची लय जराही ढळत नाही, मला यातली खरी कमाल तीच वाटते.

हा कोलोन हवाईचाच पण पोर्तो रिकन वंशाचा. पोर्तो रिकोत १८९९ मध्ये मोठं चक्रीवादळ झालं, शेती धुऊन गेली, आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत सुमारे ५ हजार माणसं हवाईच्या ऊसमळ्यांवर मजुरीला नेली गेली, हवाईतला पोर्तो रिकन समाज तिथून सुरू होतो. म्हणजे कव्हरच्या मागचा मजकूर तुम्हाला कुठल्यातरी बिनमाणसांच्या बेटावरचं जंगल विकतोय आणि वाजवणारा माणूस ऊसमळ्यातल्या मजुरांच्या समाजातला, रोज रात्री हॉटेलात ड्युटी करणारा. लायमनही तसाच, डेनीला भेटला तेव्हा हालेकुलानी हॉटेलात क्लार्क होता. लहानपणी जाझवाल्या बेनी गुडमनच्या रेकॉर्ड लावून त्यांच्याबरोबर वाजवत तो शिकला. या संगीतातलं बेट जितकं काल्पनिक तितकेच वाजवणारे पगारावरचे, घरभाडं भरणारे लोक होते, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा हे लक्षात आलं की शोध कुठे घ्यायचा ते कळतं. तो जंगलात घ्यायचा नाही, हॉटेलच्या जाहिरातीत, युनियनच्या कागदात आणि शहराच्या जुन्या पेपरात घ्यायचा.

पैशाचं बघा आता. त्या एलपीतलं गाजलेलं गाणं 'क्वाएट व्हिलेज', १९५९ मध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या नंबरला गेलं आणि एलपी अल्बमच्या यादीत पहिली आली. गाणं मुळात लेस बॅक्स्टर या अमेरिकन संगीतकाराचं, त्याने ते १९५१ मध्ये स्वतःच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं, त्यात हे पक्षी नव्हते. रॉयल्टीची पद्धत अशी की रचनेचा हक्क संगीतकाराचा, रेकॉर्डवरचं नाव लीडरचं, आणि बाकीच्यांना सेशनचे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बैठकीचे, ठरलेले पैसे. पण लोक दुकानात जाऊन मागायचे ते "पक्षीवालं गाणं"! म्हणजे ज्या गोष्टीने रेकॉर्ड खपली ती नोटेशनच्या कागदावर कुठे लिहिलेलीच नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्याचा हक्क मागता येत नाही. कोलोनने पुढे स्वतःच्या नावावरही एलपी काढल्या पण त्या डेनीच्या खपाच्या जवळपासही गेल्या नाहीत.

हे वाचून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं असेल तर ते बरोबर आठवलंय. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे तुकडे बांधले, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, आणि ७८च्या तबकडीच्या लेबलवर गायक आणि संगीतकार सोडून कुणी नसायचं. मी वादक शोधायची रीत त्या गाण्यांवरच शिकलो, आणि तीच रीत लॉस एंजेलिसच्या रेकॉर्डना जशीच्या तशी लागू पडते, फक्त तिकडे एक सोय जास्त आहे, युनियनचे कागद.

अमेरिकेत वादकांची युनियन ताकदवान होती. सेशन साधारण तीन तासांचं, आणि प्रत्येक सेशनचा करारनामा भरायचा, त्यात तारीख, स्टुडिओ, लीडर, हजर असलेला प्रत्येक वादक आणि त्याचे पैसे. कव्हरवर नाव असो नसो, पैसे द्यायचे म्हणजे नाव लिहावंच लागायचं. म्हणून हॉलिवूडमध्ये झालेल्या एक्झॉटिका रेकॉर्डचा वादक शोधायचा तर पहिला प्रश्न हा विचारायचा की सेशन युनियनचं होतं का. असेल तर नाव कुठेतरी आहे. स्वस्तातल्या लेबलांचं मात्र काही सांगता येत नाही, तिथे टोपणनावंही सर्रास चालायची, तिथे वादकांच्या जुन्या मुलाखती आणि आपला कान यांवरच भिस्त.

स्वस्त लेबलचं नाव निघालंच आहे तर एक गंमत सांगतो. टॉप्स नावाची स्वस्तातली कंपनी होती, तिने १९५९ मध्ये रॉबर्ट ड्रॅस्निनची 'वूडू' काढली, आणि त्यातला पियानो वाजवलाय जॉन विल्यम्सने, पुढे ज्याने स्टार वॉर्सचं संगीत दिलं तोच. तेव्हा तो सेशनवर जाणारा तरुण पियानोवाला होता. लेस बॅक्स्टरच्या १९४७ च्या 'म्युझिक आउट ऑफ द मून' मध्ये थेरेमिन नावाचं, हात न लावता हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य आहे, ते वाजवणारे डॉक्टर सॅम्युएल हॉफमन पेशाने पायांचे डॉक्टर होते, दिवसा पेशंट आणि संध्याकाळी स्टुडिओ. नील आर्मस्ट्राँगने १९६९ मध्ये चंद्रावर जाताना याच संगीताची टेप बरोबर नेली होती. हॉफमन त्याआधी दोन वर्षं वारले.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळे नुसते तोंडदेखले आवाज काढणारे होते त्यांच्यासाठी मिल्ट हॉलंडचं नाव. लॉस एंजेलिसचा सेशनवरचा तालवादक, तो पंडित चतुरलाल यांच्याकडे रीतसर तबला शिकला. चतुरलाल म्हणजे रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्याबरोबर पन्नाशीच्या दशकात परदेशात तबला पोचवणारे उदयपूरचे. बाजाराला दूरदेशीचा नुसता भास पुरत होता, पण वाजवणाऱ्यांतले काही जण तो भास देताना खरोखर शिकत होते, आणि हा फरक रेकॉर्डवर ऐकू येतो.

आता खोट्या ओळखीचा प्रकार. चैनो नावाच्या बोंगोवादकाच्या एलपींवर छापलेलं असायचं की हा मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या नष्ट झालेल्या जमातीतला एकटा उरलेला माणूस. प्रत्यक्षात तो लिऑन जॉन्सन, जन्म फिलाडेल्फियाचा, वाढला शिकागोत. हात मात्र विलक्षण. उलट उदाहरण इमा सुमाक हिचं, ती खरोखर पेरूची, १९५० साली तिची पहिली अमेरिकन एलपी आली आणि चार-साडेचार सप्तकांचा तो आवाज ऐकून लोक थक्क झाले. कंपनीने तिला इंका राजकन्या म्हणून विकलं आणि त्याचा परिणाम असा की लोकांनी उलटी अफवा उठवली, ही ब्रुकलिनची एमी कॅमस आहे म्हणे, नाव उलटं करून लिहिलंय. खोट्या जाहिराती एवढ्या झाल्या होत्या की खऱ्या बाईवरही कुणी विश्वास ठेवेना. आणि टॅक शिंडो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत जन्मलेला जपानी वंशाचा अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात त्याला इतर जपानी-अमेरिकनांबरोबर मॅन्झनारच्या छावणीत काटेरी तारेआड ठेवलं होतं. त्याने १९५८ मध्ये 'म्गांगा' नावाची आफ्रिकेच्या विषयावरची एलपी केली. स्वतःच्याच देशात परका ठरवलेला माणूस त्या देशाला तिसऱ्याच खंडाचं परकेपण बनवून देतोय, मी ती रेकॉर्ड लावतो तेव्हा हे डोक्यातून जात नाही.

आता तुमचे कोर्ला पंडित. नाही, काश्मीरचे नाहीत, कोकणातले नाहीत, भारतातलेच नाहीत. कव्हरवर आणि मुलाखतीत सांगितलेली गोष्ट अशी की जन्म नवी दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका. आपल्याला ते वाचतानाच खटकतं, कोर्ला हे नाव आपल्याकडे कुठल्या घरात ठेवतात, आणि ब्राह्मणाच्या पोराच्या डोक्यावर मधोमध रत्न लावलेला तो फेटा कुठून आला. अमेरिकेत तेव्हा हे खटकणारं कुणी नव्हतं. त्यांचं जन्मनाव जॉन रोलंड रेड, जन्म १९२१, अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचा, वडील बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, कुटुंब कृष्णवर्णीय. ते १९९८ मध्ये वारले आणि ही गोष्ट जाहीरपणे छापून आली २००१ मध्ये.

हे का केलं ते समजून घ्या, नाहीतर तो नुसता बहुरूपी वाटेल आणि तसं वाटणं अन्यायाचं आहे. लॉस एंजेलिसमध्ये वादकांच्या युनियनच दोन होत्या, गोऱ्यांची ४७ नंबरची आणि कृष्णवर्णीयांची ७६७ नंबरची, आणि चांगल्या पगाराचं स्टुडिओचं, रेडिओचं काम पहिलीच्या हातात. या दोन्ही एक झाल्या १९५३ मध्ये. त्याआधीच हा तरुण आधी हुआन रोलांडो असं मेक्सिकन नाव घेऊन गोऱ्यांच्या युनियनमध्ये शिरला, मग चाळिशीच्या दशकाच्या शेवटी, बायको बेरिलच्या मदतीने, कोर्ला पंडित झाला. बेरिल डिस्नेच्या स्टुडिओत चित्रकाम केलेली, ती गोरी, आणि कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत अशी लग्नं कायद्याने होत नव्हती, म्हणजे नोकरीच नाही तर संसारसुद्धा त्या फेट्यावर उभा होता. केटीएलए या टीव्ही स्टेशनवर १९४९ पासून त्यांचा कार्यक्रम लागायचा, सुमारे ९०० भाग झाले असं सांगतात, आणि त्यात ते एक शब्दही बोलायचे नाहीत. एक हात हॅमंड नावाच्या विजेवरच्या ऑर्गनवर, एक पियानोवर, आणि डोळे थेट कॅमेऱ्यात. बघणाऱ्यांना ते गूढ वाटायचं. मला ते बघताना भीती वाटते, त्यांच्यासाठी, कारण तोंड उघडलं तर मिसुरी बाहेर यायची. घरच्यांनी शेवटपर्यंत गुपित राखलं.

म्हणून बघा, तुमच्या पेटीतल्या रेकॉर्डमध्ये ज्याचं नाव सगळ्यात मोठं छापलंय तोच सगळ्यात जास्त झाकलेला आहे. ऑगी कोलोन निदान स्वतःच्या नावाने झाकला गेला.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं. कव्हरमागचा मजकूर जाहिरात म्हणून वाचा, माहिती म्हणून नको. रेकॉर्डचा नंबर लेबलवर बघा आणि गाणी संपल्यावर मध्ये जी कोरी पट्टी असते तिच्यावर कोरलेला नंबरही टॉर्च तिरका धरून वाचा, कारण कव्हरं पुष्कळदा अदलाबदल होतात, बोटीवरच्या पेट्यांत तर फारच. मग ऐकताना एकेका वेळी एकच वाद्य धरा, पूर्ण गाणं नुसत्या बासवर लक्ष ठेवून ऐका, मग नुसत्या व्हायब्राफोनवर. वाद्यं मोजा आणि हात मोजा, चार माणसांत बसत नसेल तर पाचवा कुणीतरी आहे किंवा नंतर भरलेलं आहे. नाव सापडलं तर त्यापुढे ते कशावरून लिहिलं तेही लिहा, कागदावरून, मुलाखतीवरून का नुसत्या कानावरून, नुसत्या कानावरून असेल तर प्रश्नचिन्ह ठेवा, ते लाजिरवाणं नाही. आणि डिजिटल फाईलला नाव देताना कोर्ला पंडित आणि जॉन रोलंड रेड दोन्ही लिहा. पहिलं काढून टाकू नका, ते त्यांनी पन्नास वर्षं सांभाळलं होतं.

कव्हरवरची बांबूच्या पडद्याआडून बघणारी बाई कोण असंही तुम्ही जाताजाता विचारलंत, ती सँडी वॉर्नर, मॉडेल, डेनीच्या डझनभराहून जास्त कव्हरवर तीच आहे, दर वेळी वेगळ्या देशाची करून.

एलआरपी का एलएसटी ते कळवा म्हणजे तुमच्या प्रतीवरचा व्हायब्राफोन कुणाचा ते नक्की करू. आणि पेटीत अजून खाली आर्थर लायमनची १९५८ ची 'टॅबू' निघाली तर ती घाईने वाजवू नका, आधी नीट धुऊन घ्या. ती हवाईयन व्हिलेजच्या ॲल्युमिनियमच्या घुमटात, रहदारी आणि टुरिस्ट थांबल्यावर मध्यरात्रीनंतर रेकॉर्ड केलेली आहे, धूळ नसेल तर शांत जागी रात्रीच्या गारव्याने आकसणाऱ्या त्या घुमटाची कुरकुरही ऐकू येते.